विश्वासाची ठेव

सेवानिवृत्त झाल्यावर रिकामें बसवेना, म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे मीं विधी स्वयंसेवक म्हणून नांव दिलें. इ. स. २००९ च्या योजनेंत या कामीं निवृत्त शिक्षकांनाही स्थान आहे. काम दिसावयास सोपें : आलेल्याची हकीगत ऐकावी, अर्ज लिहून द्यावा, आणि त्याला वकिलाकडे पोंचवावें. वकिली करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. ती मर्यादा मीं पाळली. चुकलों तें दुसरीकडेच.

एके दिवशीं एक विधवा भगिनी आली. वडिलार्जित जमिनीवरील हक्क सोडून दे, म्हणून भाऊ तिच्या मागें लागला होता. २००५ च्या दुरुस्तीनें अशा मिळकतींत मुलीला मुलाइतकाच हक्क आला आहे, आणि स्त्रीला उत्पन्नाची अट न लावतां सरकारी खर्चानें वकील मिळतो, हें तिला ठाऊक नव्हतें. मीं तें सांगितलें. तिनेंही कांहीं न लपवितां सारी हकीगत सांगितली, होते नव्हते ते कागद पुढें ठेविले. अशिलाचें जें कर्तव्य, तें तिनें पुरें केलें. वकिलाची भेट सोमवारीं ठरली. जातांना म्हणाली, "गुरुजी, भावाच्या कानीं जाऊं देऊं नका."

तो भाऊ माझा जुना विद्यार्थी. गुरुवारीं देवळापाशीं पायां पडून त्यानें विचारलें, "गुरुजी, ताई आपल्याकडे आली होती ना?" जन्मभर मुलांना सत्य बोलावयास शिकविलेला मी; खोटें बोलवेना. "होय," एवढेंच म्हणालों. शुक्रवारीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत हक्कसोडपत्र नोंदलें गेलें.

पुढें ती भेटली तेव्हां रागावली नाहीं. "मीं फक्त तुम्हांलाच सांगितलें होतें," इतकेंच बोलली.

मीं माझी चूक तिच्यापाशीं आणि वकिलांपाशीं कबूल केली. दडपणाखालीं करून घेतलेला दस्त रद्द करून मागतां येतो. पण त्याला तीन वर्षांची मुदत असते. तें आतां वकील पाहत आहेत.

अशिलाचें गुपित राखण्याचें बंधन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें वकिलाच्या कारकुनावरही घातलें होतें; २०२३ च्या नव्या अधिनियमांतही तें कायम आहे. मग ज्याच्यावर विश्वासून लोक येतात, त्या आमच्यासारख्यानें तें पाळावयास कायद्याचा बडगा कशाला हवा? खोटें न बोलतांही मला गप्प राहतां आलें असतें. "माझ्याकडे कोण येतें, तें मी सांगत नसतों," हें वाक्य सत्यही होतें आणि तिचें रक्षण करणारेंही. मात्र तें प्रत्येकाविषयीं, नेहमींच म्हणावयास हवें. नाहीं तर आपलें मौनच चहाडी करतें.

सायंकाळीं घरीं आल्यावर सूनबाई सहज विचारते, "मामंजी, आज कोण आलें होतें?" पूर्वीं मी झोपाळ्यावर बसून सगळें सांगत असें. आतां म्हणतों, "तें सोड मुली, चहा ठेव."