शिरवळची बाग आणि मधमाश्या

बालमित्रांनो, पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, की नीरा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला, की आलंच आमचं शिरवळ! इथली डोंगरातली जुनी लेणी जरूर बघा. पण कुठे कपारीला आग्यामोहोळ दिसलं, तर दगड नको, धूर नको, आरडाओरडा नको. गुपचूप मागे फिरा.

आमच्या शाळेच्या बागेत झेंडू फुलला, की मधमाश्या येतातच. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीला माशी चावली. बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दम लागला. तिला दंशाची ॲलर्जी होती! वेळेवर इंजेक्शन मिळालं, म्हणून निभावलं.

मग तिची बाग सुटली का? छे! बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, सकाळी लवकर, माश्या कमी असताना ती रोपांना पाणी घालते. फुलं तोडायचं काम दुसऱ्यांचं. ती एकटी कधीच नसते आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध जवळच असतं.

तुम्हीही लक्षात ठेवा. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखाने लगेच खरवडून काढा. गांधीलमाशी मात्र पुन्हा पुन्हा डंख मारू शकते, तेव्हा दूर व्हा. चेहरा सुजला, दम लागला किंवा चक्कर आली, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

आपल्याच जिल्ह्यातलं, महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ झालं. माश्या परागकण वाहतात, म्हणून तर भोपळा धरतो. त्यांना भिऊ नका, जपून वागा!