रस्त्यातला काटा

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हाही सदका आहे, हे आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असते. आमच्या उर्दू शाळेच्या वाटेवर पडलेला दगड किंवा काचेचा तुकडा मुले वाकून उचलतात. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वाकायचे कुठे? तिथे पायी चालायलाच मनाई आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. अशा ठिकाणी खाली उतरणारा स्वतःच जिवानिशी जायचा. तिथला काटा फोननेच काढावा लागतो.

आम्ही काही शिक्षक प्रशिक्षणासाठी पुण्याला निघालो होतो. पहाटेचा अंधार होता. मधल्या लेनमध्ये ट्रकच्या फुटलेल्या टायरचा मोठा तुकडा पडला होता. ड्रायव्हरने कशीबशी गाडी वाचवली. आमच्यातल्या वडीलधाऱ्या आपांनी लगेच ११२ लावला. राज्यात हा क्रमांक २०२१ पासून आहे. पलीकडून विचारणा झाली : पुण्याकडे जाणारी बाजू की मुंबईकडची? कितवा किलोमीटर? आपांनी फलकावरचा आकडा टिपून ठेवला होता. तेवढ्यात मागून एक सर कुजबुजले, "आपा, नाव सांगू नका. उद्या चौकीवर बोलावतील."

बोलणे दोन मिनिटांचे. तेवढ्यात आम्ही तीन किलोमीटर पुढे आलो होतो. म्हणजे मोबाइलवरून पोलिसांना ठिकाण कळले तरी ते आमचे, टायरचे नव्हे. शिवाय पोलिसांची गाडी पलीकडच्या बाजूला असेल तर दुभाजक ओलांडता येत नाही, पुढच्या फाट्यावरून वळून यावे लागते. आल्यावरही आधी दिवा लावून मागची वाहने सावध करायची, मग अडथळा उचलायचा. बाजू चुकली की हा सगळा वेळ वाया. तोवर मागून येणाऱ्या एखाद्या घरावर काय ओढवेल, कोण सांगणार?

सरांची भीती आमच्या वस्तीत नवी नाही. कुणी विव्हळत पडले असले तरी माणसे फोन खिशातच ठेवतात. 'नसती झंझट' म्हणतात. पण अपघातातल्या जखमीसाठी फोन करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. केंद्राच्या २०१५ सालच्या या सूचना सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक केल्या. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले. मग रस्त्यावरच्या टायरची खबर द्यायला कशाला कचरायचे?

आपांनी नाव सांगितले, शाळेचेही सांगितले. चौकीवरून कुणी बोलावले नाही.

आता सहलीच्या बसमध्ये आम्ही मुलांना पाळीपाळीने किलोमीटरचे फलक मोठ्याने वाचायला लावतो. आकड्याबरोबर दिशाही सांगायची, हा नियम. मुलांना तो खेळ वाटतो.