तात्पुरतें

आमच्या वयाच्या प्राध्यापकानें काय बाळगावें याविषयीं आमगांवच्या लोकांच्या कल्पना ठाम आहेत. छत्री चालेल, मधुमेह चालेल, अप्रकाशित प्रबंधही चालेल. परंतु दोन आसनांची, कापडी टपाची तांबडी मोटार चालणार नाहीं. ज्या दिवशीं ती मालमोटारींतून उतरली त्या दिवशीं स्टेशनच्या रस्त्यावर एका वृद्ध बाईंनीं कळवळ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, हिचं छप्पर वाटेतच उडालं का जी?" आम्ही 'हो' म्हणालों. खरें सांगत बसलों असतों तर सारें गांव गोळा झालें असतें.

खरें तें असें कीं मोटार आमच्या थोरल्या बंधूंची. दादा मडगांवीं दंतवैद्य होते. सॅन स्टॉर्म नांवाची ही मोटार गोव्यांतच तयार होत असे. १९९८ सालीं ती प्रथम बाजारांत आली. अंग फायबरचें, यंत्र फ्रेंच रेनॉल्ट कंपनीचें, १,१४९ घनसेंटिमीटरांचें आणि सुमारें ६० अश्वशक्तीचें. तिकडे युरोपांत ट्विंगो आणि क्लिओ या साध्या घरगुती गाड्यांतून हेंच यंत्र धांवत असे. साठ अश्व म्हणजे आजच्या मानानें टांगाच म्हणावयाचा. परंतु गाडी हलकी आणि जमिनीला इतकी चिकटलेली कीं ताशीं साठ किलोमीटरांनाही बसणाऱ्यास आपण कांहीं तरी अविचार करीत आहों असें सुख होतें. दादांनीं ती २००१ सालीं घेतली. २०१९ सालीं ते गेले. दोन वर्षांनीं वहिनींनीं फोन केला, "भाऊजी, विकवत नाहीं आणि पाहवतही नाहीं. तुम्ही न्या." अशा गाड्या आतां नव्या निघत नाहींत. आम्हीं नेली.

पहिला हिंवाळा मोठ्या मौजेंत गेला. आम्ही पदमपूरपर्यंत जात असूं. भवभूतीचें पद्मपुर तें हेंच, असें आम्हां आमगांवकरांचें मत आहे; विद्वानांचे मतभेद आम्ही वर्गांत सांगतों, गांवांत सांगत नाहीं. उन्हाळा लागला आणि गाडीनें आपला स्वभाव दाखविण्यास आरंभ केला. गार असतां ती एखाद्या सद्वर्तनी विद्यार्थ्यासारखी चाले. यंत्र पुरतें तापलें कीं कांहीं पूर्वसूचना न देतां बंद पडे. अर्धा तास झाडाखालीं उभी केली कीं जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा चेहऱ्यानें पुन्हां सुरू होई. एका कारागिरानें प्लग बदलले, दुसऱ्यानें पेट्रोलचा पंप बदलला, तिसऱ्यानें गाडी पाहून आमच्याकडेच करुणेनें पाहिलें. शेवटीं मे महिन्यांत सालेकशाकडून परततांना जंगलाच्या रस्त्यावर दिवेलागणीच्या सुमारास ती थांबली, आणि या वेळीं टपाखालून जळक्या रबरासारखा वास येऊन निळसर धूर निघाला. सौ.नीं आपली पर्स उचलली, खालीं उतरून वीस पावलें दूर जाऊन उभ्या राहिल्या आणि तेथूनच निर्णय दिला, "ही नीट करा, नाहीं तर विका. भावाच्या आठवणींत मला जळून मरायचं नाहीं." फायबरचें अंग पेटलें तर विझविणें कठीण, हें आम्हांसही ठाऊक होतें. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

धानगिरण्यांच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची वायरिंग करणारा आणि गिरण्यांच्या मोटारी भरणारा एक इलेक्ट्रिशियन आहे. त्यानें गाडी पाहून हंसणें टाळलें, एवढ्यावरूनच तो आपल्या कामांत निपुण असावा असें आम्हांस वाटलें. त्यानें यंत्र अर्धा तास चालू ठेविलें आणि चांगलें तापल्यावर एका लांकडी दांडीनें तारांचा जुडगा हळू हळू ठिकठिकाणीं हालविला. एका जागीं दांडी लागतांच यंत्र बंद. पुन्हां चालू केलें, पुन्हां तेथेंच दांडी लाविली, पुन्हां बंद. मग त्यानें वरचें वेष्टन सोललें. तारेवरचें आवरण त्याच्या बोटांत कुरकुरून तुटलें. "सर, हा वायर नाहीं जी," तो म्हणाला, "पापड झाला."

तारांवरचें हें प्लॅस्टिकचें आवरण नवेपणीं मऊ असतें, कारण त्यांत मऊपणा आणणारें द्रव्य घातलेलें असतें. यंत्राच्या उष्णतेनें तें वर्षानुवर्षें उडून जातें आणि आवरण कडक होऊन भेगाळतें. भेगेंतून दमट हवा आंत शिरते आणि तांब्यावर हिरवा कळंक चढतो. मडगांवच्या खाऱ्या हवेंत हें काम अधिकच झपाट्यानें झालें असावें. आमची गाडी बंद पडे त्याचें कारण एका बारीक तारेंत होतें. यंत्राच्या गतिचक्राजवळ एक संवेदक बसविलेला असतो; मुख्य दांडा फिरतां फिरतां नेमका कोठें आला आहे हें तो गाडीच्या संगणकास कळवितो, आणि त्यावरून ठिणगी केव्हां पाडावी, पेट्रोल केव्हां सोडावें हें ठरतें. तार आंतून तुटली होती. गार असतां तिचीं टोकें एकमेकांस कशीं बशीं टेकत, तापल्यावर दुरावत. निरोप पोंचेनासा झाला कीं संगणक, कोणाही शहाण्यानें करावें तसें, काम थांबवी.

धूर मात्र निराळ्या ठिकाणचा होता. रेडिएटरच्या पंख्याच्या तारेला मध्येंच एक जोड होता. जोड सैल असला कीं विरोध वाढतो, आणि पंख्यासारखी भारी वीज ओढणारी वस्तु पुढें असली म्हणजे सारी उष्णता त्या जोडावरच गोळा होते. इलेक्ट्रिशियननें तो जोड कापून आमच्या हातावर ठेविला. त्यावर दवाखान्यांतील पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. काळी पडली होती, तरी तिच्यावरचें अक्षर वाचतां येत होतें. "तात्पुरतें. ऑगस्ट २००९."

अक्षर दादांचें होतें.

डागडुजी करावी कीं सगळाच जुडगा नवा घालावा, याविषयीं दोन दिवस वाद चालला. इलेक्ट्रिशियनचें म्हणणें सरळ होतें, एका ठिकाणीं ठिगळ लाविलें कीं पुढच्या महिन्यांत शेजारीं फाटेल. या गाडीचा तयार जुडगा विकत मिळेल ही आशा नव्हतीच. पुण्यास असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं यंत्राच्या बाजूचे कपलर कोठून तरी मिळविले. बाकीचें सर्व हातानें करावयाचें ठरलें. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडली. मग प्रत्येक टोकास चिठ्ठी, प्रत्येक टोकाचें छायाचित्र, आणि सर्व आटोपल्यावर अख्खा जुडगा एखाद्या मोठ्या माशाच्या कांट्यासारखा बाहेर काढून आमच्या पडवींत पसरला. महाविद्यालयानें टाकून दिलेला एक लांकडी फळा आमच्याकडे होता. त्यावर खडूनें त्याची आकृति काढून प्रत्येक वळणावर खिळे ठोकले, म्हणजे नव्या तारा त्याच वाटेनें ओढतां येतील. तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. परंतु लिहिलेलें बरोबर आहे कीं चूक हें दिवा लागून कळावें, असा योग प्रथमच आला.

जुना जुडगा पडवींत आठ दिवस पडून होता. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत राम आणि सीता आपल्या गतायुष्याचीं चित्रें पाहतात. त्या प्रसंगाची आठवण जळक्या तारांवरून व्हावी हें कांहीं शोभादायक नव्हे, पण झाली खरी. त्यांत दादांच्या हातचे अकरा जोड निघाले. प्रत्येकावर चिकटपट्टी, प्रत्येकावर तोच शब्द आणि तारीख. दंतवैद्य दांतांत आधीं तात्पुरतें भरण घालतो आणि आठ दिवसांनीं ये म्हणतो. दादांनीं गाडीलाही तसेंच सांगितलें असावें, आणि ती गेली नसावी. पहिला जोड २००४ सालचा. त्याचें काम काय सांगावें! तांब्याचे तंतू एकमेकांत विणून वर झाळ दिलेली, आणि दांतांच्या फटी साफ करण्याचा मेणाचा दोरा समान अंतरावर गांठी मारून आवळलेला. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजांतून मेणदोऱ्यानेंच तारा बांधीत असत. तें दादांस ठाऊक होतें कीं हाताशीं होता म्हणून त्यांनीं तो दोरा घेतला, हें आतां कोणास विचारणार? इलेक्ट्रिशियननें तो जोड उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. "हा कापायचा नाहीं जी," तो म्हणाला.

२००९ च्या जोडाला झाळ नव्हती. २०१३ च्या जोडाचा दोरा सुटलेला होता. २०१५ आणि २०१७ चे जोड पाहिले तेव्हां इलेक्ट्रिशियन म्हणाला, "हे दुसऱ्या कोनी केले असतील." तारा नुसत्या पिळलेल्या, चिकटपट्टीस सुरकुत्या, आणि तात्पुरतें हा शब्द इतका बारीक व दाटलेला कीं भिंग घ्यावें लागलें.

परंतु दुसऱ्या कोणी केले नव्हते. दादांस कंपवात झाला होता. या रोगांत हाताला कंप येतो हें सर्वांस माहीत असतें. अक्षर हळू हळू बारीक होत जातें, हें आम्हांस मागाहून डॉक्टरांकडून कळलें. त्यांनीं घरीं कोणास सांगितलें तें २०१८ सालीं. त्याआधीं दोन वर्षें दवाखाना बंद केला तो 'कंटाळा आला' म्हणून. आणि २०१६ सालीं आम्हीं त्यांस एक पत्र लिहिलें होतें. आम्हां भावांत पत्रें लिहिण्याची जुनी संवय. फोन आले तरी ती सुटली नव्हती. त्या पत्रांत आम्हीं त्यांस चांगलेंच सुनाविलें होतें कीं आमच्या चार पानांना तुम्ही दोन ओळींचें उत्तर देतां, तेंही मुंगीच्या पायांसारख्या अक्षरांत. गोव्यांत शाई महाग झाली आहे काय? वाक्य आम्हांस फार साधलें असें तेव्हां वाटलें होतें. त्यावर त्यांचें उत्तर आलें तें एका ओळीचें, कीं होय, महाग झाली आहे.

पांच रविवार काम चाललें. संवेदकांसाठीं पाऊण चौरस मिलिमीटरच्या तारा, पंख्यासाठीं अडीचच्या. गतिचक्राच्या संवेदकाची जोडी एकमेकींभोंवतीं पिळलेली व वर जाळीचें वेष्टन, म्हणजे ठिणगीच्या तारांचा गोंगाट तींत शिरूं नये. जोडांना झाळ द्यावी असें इलेक्ट्रिशियनचें मत. लग दाबून बसवावे असें चिरंजीवांचें, कारण झाळ शिरलेली तार ताठ होते आणि थरथरीनें झाळेच्या कडेला मोडते. आम्ही दादांच्या पहिल्या जोडाकडे पाहून झाळेच्या बाजूचे झालों होतों. परंतु तो जोड टिकला तो दोऱ्यानें ताण घेतला म्हणून, हें इलेक्ट्रिशियननेंच दाखवून दिलें आणि आपलें मत मागें घेतलें. कॉलेजच्या सभांतून असें घडलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. पत्र्याच्या मोटारींत वीज परत जाण्यास सारें अंगच उपयोगी पडतें. फायबरमधून ती जात नाहीं, म्हणून प्रत्येक दिव्यास परतीची स्वतंत्र तार ओढावी लागली. जुन्या परतीच्या तारांत यंत्र चालू करतांना सव्वा व्होल्ट वाटेंतच हरवत होता. नव्यांत जेमतेम दशांश. खर्चाचा आंकडा सौ.ना सांगितला त्याच्या दीडपट झाला.

आतां एक कबुली. गाडींत डाव्या आसनासमोर, फळीच्या खालीं, घराच्या दाराला असतें तसें पांढरें घंटेचें बटण बसविलेलें होतें आणि तें दाबलें कीं भोंगा वाजे. चाकावरचा भोंगा निराळा होता, तो चांगला चालत असे. आम्हांस हें बटण म्हणजे दादांची एक लहर वाटली. इलेक्ट्रिशियननें विचारिलें, "हे ठेवाचं का, सर?" आम्हीं फळ्यावरची आकृति शुद्ध राहावी या शिक्षकी हट्टानें नको म्हणालों. बटण काढलें, भोंक रबराच्या बुचानें बंद केलें.

यंदाच्या दिवाळीनंतर वहिनी आल्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं त्यांस गाडींत बसवून निघालों. गाडी उत्तम चालत होती. धानाचे बोजे घेऊन ट्रॅक्टर पुढें चालला होता; आम्हीं भोंग्याकडे हात नेण्यापूर्वींच वहिनींचा डावा हात, त्यांचें लक्ष समोर असतांनाच, फळीखालीं गेला आणि बुचावर अडखळला. क्षणभर त्यांनीं तें चांचपून पाहिलें.

"काढलंत वाटतं," त्या म्हणाल्या.

आम्हीं विचारिलें, तें कशासाठीं होतें.

"शेवटीं त्यांना चाक धरायला दोन्ही हात लागत, भाऊजी. भोंगा माझ्याकडे दिला होता."

ट्रॅक्टर कडेला झाला. आम्ही पदमपूरला न जातां धानगिरण्यांच्या रस्त्याला वळलों. रविवार होता, दुकान बंद होतें. इलेक्ट्रिशियन घरून आला. जुनें बटण त्यानें टाकलें नव्हतें, खिळ्यांच्या डब्यांत ठेविलें होतें. नव्या जुडग्यांतून दोन तारा ओढाव्या लागल्या. वहिनी गाडींतच बसून होत्या. काम झाल्यावर त्यानें खिशांतून चिकटपट्टी काढली आणि विचारिलें, "यावर काय लिहू, सर?"

आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच वहिनींनीं हात पुढें केला, त्याच्याकडून पेन घेतलें आणि नुसती तारीख लिहिली.