समासातील नोंद

स्नानसंस्काराची नोंद वहीत एका ओळीत मावते. तिच्या शेजारच्या समासाला मात्र त्या माणसाच्या जन्मभर काम असते. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेतील ५३५ व्या कलमानुसार दृढीकरण, विवाह, दत्तकविधान, गुरुदीक्षा यांची माहिती पुढे याच नोंदीला जोडावयाची असते. वसईत स्नान झालेल्या मुलीचा विवाह मस्कतला झाला, तर तेथून सूचना यावी आणि ती येथील समासात चढावी, अशी ही व्यवस्था. विवाहासाठी जुना दाखला चालत नाही, नवा काढावा लागतो, तो यामुळेच. "आमच्याकडे दाखला आहे ना, फादर!" असे रागाने म्हणणाऱ्या पालकांना हे कारण कोणी तरी सांगावयास हवे.

आमच्या धर्मग्रामात जीर्ण वह्यांची पाने स्कॅन करून घेतली आणि नावांची सूची संगणकावर उतरविली. कार्यालय तळमजल्यावर, धर्मगुरूनिवास वर. सूची पेन ड्राइव्हवरून वर नेली की दुसऱ्याच दिवशी ती शिळी होई. खालच्या प्रतीत विवाहाची टीप आहे आणि वरच्या प्रतीत नाही, हे दाखल्याच्या बाबतीत परवडणारे नाही. म्हणून फोल्डर एकच, खालच्या संगणकावर, आणि वरच्या संगणकाने तो राउटरमधून उघडावयाचा, असे ठरले.

जोडणी दिसावयास सोपी, पण रुसावयास फार कारणे. विंडोजला आपले नेटवर्क 'पब्लिक' वाटले, तर तो फाइली कोणास दाखवीत नाही. ते 'प्रायव्हेट' करावे लागते. नावाने संगणक सापडेना, तर त्याचा आकडी पत्ता लिहून पाहावा. पत्त्याने उघडला, तर तार आणि फोल्डर दोन्ही ठीक, खोट केवळ नाव ओळखण्यात आहे. हा पत्ता राउटर वेळोवेळी बदलू शकतो, म्हणून तो त्या संगणकासाठी राखून ठेवणे बरे. सर्वांत चकवा दिला तो पिन क्रमांकाने. रोज सकाळी ज्या चार आकड्यांनी संगणक उघडतो, ते त्या यंत्रापुरतेच असतात. दुसऱ्या यंत्राच्या दारात खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो.

मदतीला आलेला आमच्या युवक मंडळातील एक मुलगा मोठा हुशार आणि कामसू. दोन तास झगडल्यावर तो म्हणाला, "फादर, पासवर्ड काढून टाकू आणि 'एव्हरीवन'ला परवानगी देऊ. कटकटच संपेल."

मी विचारले, "बाळा, हा वायफाय कोण कोण वापरतो रे?"

त्याने बोटांवर मोजले. गायनवृंद, धर्मशिक्षणाची मुले, सभागृहात बैठकीला येणारी मंडळी. मोजता मोजता तो थांबला.

समासात काय काय असते, हे त्याला सविस्तर सांगण्याचा अधिकार मलाही नव्हता. पण एखादे मूल दत्तक आहे हे त्याला कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगावे, हे आईवडिलांनी ठरवावयाचे असते. कोणाचा विवाह धर्मन्यायालयाने अवैध ठरविला, हेही गावाने चघळावयाचे नसते. आपल्या गावांत अशी बातमी मिस्सा सुटण्याच्या आत वेशीपलीकडे जाते. कपाटाला कुलूप आणि फोल्डरला मोकळे दार, हा कसला बंदोबस्त?

मग आम्ही सावकाश, नीट केले. कारकुनासाठी आणि आम्हा धर्मगुरूंसाठी वेगवेगळी खाती उघडली. परवानगी दोन ठिकाणी द्यावी लागते, एक फोल्डर वाटून देताना आणि दुसरी त्या फोल्डरच्या सुरक्षिततेत. नेटवर्कवरून येणाऱ्यास त्या दोहोंतील कडक असेल तीच लागू पडते. कारकुनास लिहिण्याची मुभा ठेवली. आम्ही वरून केवळ वाचतो. प्रमुख धर्मगुरूसही दुरून खाडाखोड करता येऊ नये, यात मला कमीपणा वाटत नाही.

एका सद्गृहस्थाने भेट दिलेली साठवणुकीची जुनी पेटी मात्र आम्ही या कामाला लावली नाही. संगणक परस्परांकडे फाइली मागतात त्या बोलीला एसएमबी म्हणतात. ती १९८० च्या दशकात आयबीएममध्ये घडली. ही पेटी त्या बोलीचे पहिलेच रूप जाणते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच जुन्या रूपातील भगदाडातून जगभर पसरला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांचीही कामे अडली. त्याच वर्षापासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतून ते रूप वगळले जाऊ लागले. मुलाच्या मते ते पुन्हा चालू करणे दोन मिनिटांचे काम होते. देणाऱ्याचे मन दुखावू नये म्हणून गायनवृंदाची जुनी ध्वनिमुद्रणे त्या पेटीत ठेवली आहेत आणि ती नेटवर्कला न जोडता एकाच संगणकाला थेट तारेने लावली आहे.

वाटून दिलेला फोल्डर म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हेही कारकुनास पटवावे लागले. खाली पुसले, तर वरही पुसले जाते. आता दर शनिवारी तो सुट्या डिस्कवर प्रत घेतो, डिस्क काढून वह्यांच्या कपाटात ठेवतो आणि किल्ली मला आणून देतो. समासातील टीप आजही प्रथम वहीतच, शाईने लिहिली जाते.