थोडक्यात टळलं, पण...

आपल्याकडे अपघात झाला की महिनाभर त्याचीच चर्चा. आणि टळला, तर देवापुढे साखर ठेवायची नि विषय मिटवायचा! या रीतीचा मी विचार करू लागले तो वन्संच्या लेकीमुळे.

आमच्या परभणीला विमानतळ नाही. विमान म्हणजे गच्चीवर पापड वाळत घालताना दिसणारी पांढरी रेघ. त्यामुळे भाचीनं वैमानिक व्हायचं ठरवून गोंदियाला नाव घातलं तेव्हा घरात गहजब झाला. गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर शिकाऊ मुलं लहान विमानं उडवतात आणि २०२२ पासून तिथे प्रवासी विमानंही येऊ लागली, हे कळल्यावर वन्संनी धसकाच घेतला. "एवढंसं ते विमान, समोरून मोठं आलं तर?"

प्रश्न खुळा नव्हता. ९ फेब्रुवारी २००९ ला मुंबईत दिल्लीचं विमान सुमारे दीडशे प्रवासी घेऊन धावपट्टीवर वेगानं निघालं होतं. तेवढ्यात राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या ताफ्यातलं एक हेलिकॉप्टर त्याच धावपट्टीवर उतरलं. वैमानिकानं करकचून ब्रेक लावले म्हणून निभावलं. कुणाला खरचटलंही नाही; पण चौकशी झाली.

भाची सुट्टीला आली तेव्हा वन्संनी तिला छेडलंच. तीही काही लपवून ठेवणारी नाही. म्हणाली, "मामी, १९७८ साली अमेरिकेत सॅन डिएगोला प्रवासी बोइंग आणि छोटं सेसना विमान धडकलं. १४४ माणसं गेली. मोठ्या विमानाच्या वैमानिकांना छोटं विमान आधी दिसलं होतं. मग ते दिसेनासं झालं, पण 'आता दिसत नाही' असं त्यांनी खालच्या नियंत्रकाला स्पष्ट सांगितलंच नाही."

वन्सं गप्प. मग पोरीनं समजावलं. १९९६ साली हरियाणात चरखी दादरीवर दोन मोठी विमानं आदळून ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्या देशात प्रवासी विमानांना धोक्याची सूचना देणारं यंत्र सक्तीचं झालं. दुसरं विमान फार जवळ आलं तर ते 'वर जा', 'खाली जा' असं बोलून सांगतं. मात्र दुसऱ्या विमानातला खुणेचा रेडिओसंच बंद असेल, तर यंत्राला ते कळतच नाही. म्हणून डोळे उघडे हवेत आणि तोंडही! दोन विमानं धोक्याइतकी जवळ आली, तर काही झालं नाही म्हणून सोडून देता येत नाही. कळवावंच लागतं.

मला हे फार पटलं. 'काही होणार नाही' या आश्वासनापेक्षा 'होता होता राहिलं तर ते सांगितलं जाईल' याचा आधार मोठा वाटतो. वन्संनी पोरीला परत गोंदियाला पाठवलं, ते काही भीती गेली म्हणून नव्हे. आता दर रविवारी फोनवर जेवणखाण विचारून झालं की त्या हळूच विचारतात, "या आठवड्यात काही टळलं का गं?" आणि पोरगी खरं ते सांगते, कारण ऐकताना आई ओरडत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या घरीही मूल सांगत येतं, "आई, आज ट्रक अगदी जवळून गेला." पाठीत धपाटा घालायला हात शिवशिवतो. तो आवरून आधी विचारावं, कुठे? कसा? एकदा धपाटा बसला की पुढच्या वेळी ते आपल्याला सांगणार नाही.