नागापूरचा मुक्काम आणि तारेची परीक्षा

गेल्या माघ महिन्यांत आमच्या वडील भगिनींच्या भेटीस्तव नागापुरास चार दिवस राहण्याचा योग आला. नगर शहर (सरकारदरबारीं आतां अहिल्यानगर) मागें टाकून मनमाडच्या रस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे सावेडीपुढें सीना नदीचा पूल लागतो, आणि तेथेंच नागापूर. मुळांत हें नदीकांठचें लहानसें खेडें. परंतु औद्योगिक वसाहतीनें त्यास आतां असें वेढलें आहे कीं, पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वींच कारखान्यांची पाळी बदलल्याची चाहूल लागते. नदी उगमापासून फार दूर आलेली नाहीं. त्यांतून माघ महिना! पात्रांत पाण्यापेक्षां गोटेच अधिक दिसले.

पाण्याचें दुर्भिक्ष या पठारास नवें नव्हे. अहमद निजामशहानें 1494 च्या सुमारास नगर वसविलें, त्या काळापासून कापूरवाडीसारख्या आसपासच्या गांवांहून जमिनीखालून खापरी नळांनीं शहरास पाणी आणण्याची योजना होती. आमचे भाचे लहान असतांना सुटींत आम्ही त्यांस या नळांची गोष्ट सांगत असूं. तीच गोष्ट या खेपेस आमच्यावर कशी उलटली, तें वाचकांस निवेदन करावयाचें आहे.

भाच्याच्या घरीं पाऊल टाकतांच आम्हांस जाणवलें कीं, वातावरण निवळ नाहीं. भाचा कारखान्यांत नोकरीस. त्याचा मुलगा यंत्रविद्येच्या पदविकेस शिकतो. बापलेकांत आठ दिवस भाषण बंद होतें. जेवणाच्या पंगतींत बाप म्हणे, "त्याला ताक वाढा," आणि लेक म्हणे, "बाबांना विचारा, किल्ली कुठें आहे." कारण काय, तर एक तार!

ओसरीलगतच्या बैठकीत जो टीव्ही आहे, त्यास भाच्यानें शहरांतील एका दुकानांतून साडेतीन हजार रुपयांची दोन मीटर एचडीएमआय केबल आणून लावली होती. वर सोनेरी मुलामा, जाड विणीचें वेष्टन, आणि पेटी तर अशी कीं आंत दागिना असावा. इकडे अक्कांस गुडघ्यांमुळें बैठकीत येऊन बसवेना, म्हणून नातवानें मागल्या खोलींत दुसरा टीव्ही मांडला, आणि माडीवरील आपल्या संगणकापासून पंधरा मीटरची स्वस्त केबल, किंमत नऊशें, भिंतीकडेनें खालीं सोडली. हेतु हा कीं, अक्कांस कीर्तनें पाहतां यावीं. परंतु ऐन आख्यान रंगांत आलें कीं पडद्यावर पांढरे ठिपके चमकावे, आणि क्षणांत सारें काळें व्हावें. "बुवा कुठें गेले रे?" म्हणून अक्कांनीं हांक मारावी, आणि बापानें लेकास म्हणावें, "स्वस्ताईचा हा प्रसाद!" आतां अकरा हजारांची लांब केबल आणण्याचा त्याचा निश्चय झाला होता.

"मामा, तुम्हीच सांगा," भाचा म्हणाला. आम्हीं सांगितलें, आणि तेंच आमचें चुकलें. खापरी नळाचा दृष्टांत देऊन आम्ही म्हणालों कीं, नळ फुटका तर पाणी थोडें, नळ मळका तर पाणी गढूळ. तारेचेंही तसेंच असणार. भाच्याची मान डोलली. नातू मात्र खालीं पाहत म्हणाला, "आजोबा, हें पाणी नाहीं; हा मजकूर आहे."

शिक्षकी पेशांत जन्म गेलेल्या माणसास असें उत्तर झोंबतें. पण तें विसरतांही येत नाहीं. रात्रीं आम्हीं त्यास माडीवर गांठून सविस्तर विचारलें. त्याचें म्हणणें असें. पूर्वींच्या तांबड्या-पांढऱ्या-पिंवळ्या टोंकांच्या तारांतून चित्र हें विजेच्या कमीअधिक चढउतारानें वाहत असे. तार वाईट असली कीं चित्र तेवढें मळे. तेथें आमचा नळाचा दृष्टांत लागू आहे. एचडीएमआयचें पहिलें परिमाण 2002 च्या डिसेंबरांत निघालें, तें मुळांत अंकांचें. त्यांतून फक्त एक किंवा शून्य जातें. पलीकडच्या यंत्रास हें एक कीं शून्य एवढेंच ओळखावयाचें असतें. ओळखलें, तर चित्र मुळाबरहुकूम. तेंच एक सोन्याच्या मुलाम्यांतून आलें म्हणून अधिक तेजस्वी होत नाहीं, कीं तांबड्याचा रंग अधिक तांबडा होत नाहीं. सोन्याचा उपयोग इतकाच कीं टोंक गंजत नाहीं.

आम्हांस एकदम नेवासें आठवलें. तें याच जिल्ह्यांत, प्रवरेकांठीं. तेथें शके 1212 मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढें नकलांवर नकला होतां होतां पाठ बिघडले, आणि शके 1506 मध्यें एकनाथमहाराजांस ग्रंथाचें शुद्धीकरण करावें लागलें. बिघडले ते पाठ. बोरू चांदीचा होता कीं वेताचा, हें कोणी विचारीत नाहीं. लेखकानें अक्षर वाचतां येईल असें काढलें, तर दोहोंची नक्कल सारखीच.

"मग तुझी तार कां चुकते?" आम्हीं विचारलें.

त्यावर त्यानें आमच्याकडूनच गणित करवून घेतलें. साध्या मोठ्या चित्रांत आडवे 1,920 आणि उभे 1,080 ठिपके; म्हणजे 20,73,600. सेकंदास साठ चित्रें, म्हणजे 12,44,16,000 ठिपके. इतर आवश्यक भरतीसह तारेंतून सेकंदास सुमारें 445 कोटी अंक धांवतात! ज्यास 'फोर-के' म्हणतात, त्यांत ठिपके चौपट, आणि अंक सुमारें 1,800 कोटींपर्यंत. एवढ्या वेगानें पंधरा मीटर तांब्यांतून जातांना अंकांच्या कडा झिजतात, आणि एक कीं शून्य हें कळेनासें होतें. कळेनासें झालें कीं चित्र फिकें पडत नाहीं. ठिपके उडतात अथवा सारेंच नाहींसें होतें. हें आमच्या ध्यानांत विशेष भरलें. अक्कांचे बुवा कधीं धूसर झालेच नव्हते; ते स्पष्ट असत, नाहींतर नसत.

दुसऱ्या दिवशीं, रविवारीं, परीक्षा ठरली. नातवानें अडीचशें रुपयांची दोन मीटर केबल आणून ठेवलीच होती. बैठकीत टीव्हीमागें पडदा धरून त्यानें सहा वेळां चित्र लावलें. कधीं महाग तारेनें, कधीं स्वस्त. आम्ही, भाचा आणि भाचेसून वेगवेगळ्या कागदांवर लिहीत होतों. निकाल लागला, तेव्हां आमचीं तीन उत्तरें बरोबर, तीन चूक. भाचेसुनेचीं चार बरोबर, भाच्याचीं दोनच. नाणें उडवून याहून वेगळें काय घडतें? भाच्यानें कागद घडी करून खिशांत घातला. साडेतीन हजार म्हणजे त्याच्या किती जादा पाळ्या, हें त्याच्या तोंडावर दिसत होतें, आणि आम्हांस त्याची फार दया आली.

मग मागली खोली. नातवानें संगणकावर चित्राचें माप चौपटीवरून साध्यावर उतरविलें. तार तीच, नऊशेंची. अक्कांसमोर पाऊण तास कीर्तन अखंड चाललें; एक ठिपका चमकला नाहीं. "आज बुवा पळाले नाहींत," अक्का म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीस चौपटीचा आणि साध्याचा भेद कळण्याजोगा नव्हताच.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. नाहींतर वाचक हातीं येईल ती तार उचलतील. नातवासही कबूल करावें लागलें कीं, त्यानें घेतलेल्या तारेवर वेगाची कोणतीच खात्री छापलेली नव्हती. केवळ नशिबानें ती साध्या मापास पुरली. तारेवर पाहावयाचें तें किंमत नव्हे, वर्ग: 'हाय स्पीड', 'प्रीमियम हाय स्पीड' आणि त्यांहून वरचा 'अल्ट्रा हाय स्पीड', जो सेकंदास 4,800 कोटी अंकांसाठीं आहे. यांपैकीं शेवटच्या दोन वर्गांच्या पेटीवर तपासणीची चिठ्ठी असते, ती फोननें पडताळतां येते. या 'अल्ट्रा' वर्गाच्या पद्धतींत चुकलेला अंक ओळखून सुधारण्याचीही सोय आहे. वेदपाठकांच्या जटा-घनपाठाची आठवण होऊन आम्हांस मौज वाटली. दोन-तीन मीटरांपर्यंत चिठ्ठीवाली स्वस्त तार निर्धास्त घ्यावी. पंधरा मीटर आणि चौपट माप दोन्हीं हवीं असतील, तर मात्र प्रकाशतंतूची तार लागते आणि तेथें पैसा खरोखरच मोजावा लागतो.

अकरा हजारांची खरेदी अर्थातच राहिली. आम्हीं भाच्यापाशीं कबूल केलें कीं, नळाचा दृष्टांत देऊन आगींत तेल आम्हींच ओतलें. तो म्हणाला, "मामा, तुम्ही नसतां सांगितलें तरी मी आणलीच असती." हें आमच्या समाधानासाठीं होतें कीं खरें, कोण जाणे.

निघण्याच्या दिवशीं सकाळीं आम्ही पिशवी घेऊन अंगणांत आलों, तों भिंतीकडेनें लोंबणारी ती लांब तार खिळ्यांनीं पक्की करण्याचें काम चाललें होतें. लेक शिडीवर, आणि बाप खालून शिडी धरून म्हणत होता, "अरे, खिळा तारेंत नको मारूस, बाजूला मार." गाडीची वेळ झाली होती, त्या दोघांस खालीं न बोलावतां आम्हीं अक्कांस नमस्कार केला आणि मनमाड रस्त्याकडे चालूं लागलों.