सायबाचं लेकरू

दर उन्हाळ्यात आत्याची मुलं नांदेडहून लातूरला यायची. आम्ही अकरा भावंडं, कूलरसमोर एकच सतरंजी आणि एकच टीव्ही. लाइट गेली की कुणाचं गाव भारी यावरून भांडण जुंपायचं. सोळा रस्ते एका गोलाईत मिळतात असं दुसरं गाव दाखवा, असं आम्ही म्हणायचो. ते गोदावरी आणि गुरुद्वाऱ्याचं नाव काढायचे, की आम्ही गप्प.

३ जानेवारी २००३ ला मात्र बोलायला आमच्याकडं काहीतरी आलं. 'तुझे मेरी कसम' लागला. बाभळगावच्या विलासरावांचा मुलगा, लातूरलाच १७ डिसेंबर १९७८ ला जन्मलेला, मुंबईत आर्किटेक्ट झालेला रितेश पडद्यावर! सिनेमा रामोजीरावांचा, म्हणजे हैदराबादचा. निजामाच्या राज्यात शाळा शिकलेल्या आजोबांना त्याचं फार अप्रूप. त्याच महिन्यात विलासरावांचं मुख्यमंत्रिपद गेलं. "बापाची खुर्ची गेली न् लेकाचा सिनेमा आला," आजोबा पेपर घडी करत म्हणाले.

आजीनं त्याला कधी नावानं ओळखलंच नाही. गाणं लागलं की भाकरी थापायची सोडून उंबऱ्यात यायची. "सायबाचं लेकरू हाय. बग की, कसं नाचायलंय!" 'मस्ती'सारखे सिनेमे लागले की मोठी माणसं चॅनल बदलायची, आणि आम्हाला वाईट वाटायचं. कारण विनोदाची वेळ त्याच्याइतकी अचूक साधणारे नट त्या पिढीत थोडे होते, असं मला आजही वाटतं. 'धमाल' आम्ही सगळ्यांनी त्याच सतरंजीवर पाहिला, पोट दुखेपर्यंत हसत. नांदेडकर तरी म्हणायचेच, "तुमचा रितेश."

ऑगस्ट २०१२. १४ तारखेला विलासराव गेले. दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनी, बाभळगावात अंत्यसंस्कार. आमच्या घरातली पुरुषमंडळी पहाटेच तिकडं निघाली होती. आजी टीव्हीसमोर बसून होती. चूल पेटली नाही. कॅमेरा मुलांवर गेला तेव्हा नांदेडहून आत्याचा फोन आला. ती रडत होती. "माय, आपलं लेकरू किती वाळलंय गं."

दोन वर्षांनी 'लय भारी' आला, तो नट म्हणून त्याचा पहिला मराठी सिनेमा. तोवर आम्ही पुण्या-मुंबईत पांगलो होतो. तरी ठरवून लातूरला जमलो, नांदेडहून आत्याही आली. आपण 'लई' म्हणतो, 'लय' नाही, यावर मध्यंतरात वाद झाला. पडद्यावर त्याचा माउली बोलायला लागला तशी आजी खुर्चीत पुढं सरकली. इतकी वर्षं तो हिंदी बोलायचा आणि आम्ही तिला अर्थ सांगायचो. त्या दिवशी तिनं कुणाला काही विचारलं नाही.

त्याचा पुढचा मराठी सिनेमा 'वेड' पाहायला आजी नव्हती. २०२४ मध्ये तो सूत्रसंचालक म्हणून 'बिग बॉस मराठी'त आला, तेव्हा स्पर्धकांना झापायचा त्याचा भाग, 'भाऊचा धक्का', संपला की आत्याचा फोन ठरलेला. "लेकरू आज लई चिडलं होतं गं. जेवलं असंल का?"